कार्ड कंपनी दाद देत नसेल तर

क्रेडिट कार्डाच्या बिलात न केलेला खर्च दिसला, की बहुतेक जण ग्राहक सेवेला फोन लावतात आणि तिथल्या आश्वासनावर थांबतात. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा आपल्या हाती उरत नाही. तक्रार ईमेलने करावी, तक्रार क्रमांक जपावा. उत्तराची मुदत तक्रारीच्या तारखेपासून मोजली जाते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस’ पोर्टलवरून दाद मागता येते. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र तेच प्रकरण आधीच न्यायालयात नेले असेल, तर लोकपाल ते हाती घेत नाही.

अनधिकृत ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाचीच चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकात ते स्पष्ट लिहिले आहे. ‘ओटीपी तुम्हीच दिला असेल’ एवढ्या मोघम उत्तरावर गप्प बसू नका, पुरावा मागा. वाद चालू असताना बिलातली बाकीची, मान्य असलेली रक्कम मात्र वेळेत भरा. ती थकली तर व्याज लागते आणि क्रेडिट स्कोअर घसरतो.