बारा बाइटांचा महाल

नागपुरात भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वसलेल्या जुन्या वस्तीचे ‘महाल’ हे नाव संगणकात यूटीएफ-८ पद्धतीने साठवले, म्हणजे त्यास बारा बाइट लागतात. म, ह, काना आणि ल या चार चिन्हांना प्रत्येकी तीन. आता बडकस चौकातील एखाद्या दुकानाचा पत्ता नेटवर्कवरून वाचणाऱ्या प्रोग्रॅमने या नावासाठी बारा बाइट मागितले आणि पदरात सातच पडले, तर म आणि ह शाबूत येतात, काना मात्र पहिल्याच बाइटापाशी दुभंगतो. आणि त्या सातांचीच घाईने अक्षरे केली, तर पडद्यावर ‘मह’पुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. इंग्रजीच्या रोमन लिपीत प्रत्येक अक्षरास एकच बाइट पुरत असल्याने असा छेद नेहमी दोन अक्षरांमध्येच पडतो व दोष झाकला जातो. म्हणून देवनागरी मजकुरावर न चालवलेल्या कोडास तपासलेला म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात नेटवर्कचा कसूर काहीच नाही. युनिक्स प्रणालीत वाचनाच्या हुकमासोबत द्यावयाचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, हमीचा नव्हे. जे हाती आले तेवढेच बफरात ठेवून प्रणाली त्याची मोजदाद कळवते, शून्य कळवले तर आवक संपली असे समजावयाचे, आणि एरवी बाकीसाठी पुन्हा तगादा लावणे हे मागणाऱ्याचे काम. डिस्कवरील फाइल बहुधा मागितले तितके एकदम देते, त्यामुळे हा नियम न पाळणारा कोडही घरच्या यंत्रावर बिनतक्रार चालतो. नेटवर्कवरील टीसीपी मात्र बाइटांचा सलग ओघ तेवढा पोचवते, पाठवणारा मध्ये कोठे थांबला याची नोंद ठेवीत नाही.

मग बफर भरेपर्यंत वाचतच राहावे, जसे सी भाषेतले एफरीड किंवा जावातले रीडफुली करते, हा उपाय लांबी आधी ठाऊक असेल तेथे चोख आहे. परंतु समोरचा आपल्या उत्तरासाठी खोळंबला असता आपण त्याने न पाठवलेल्या बाइटांसाठी अडून बसलो, तर दोघेही ताटकळतात. शिवाय ४०९६ बाइटांचा बफर काठोकाठ भरला, तरी सलग देवनागरीची १३६५ चिन्हे ४०९५ बाइटांतच आटोपतात आणि शेवटचा बाइट पुढच्या चिन्हाचा निघतो. तो टाकावयाचा नसतो; पुढील वाचनाच्या आरंभी जोडावयाचा असतो. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह १९९२ साली यूटीएफ-८ची आखणी केली, तीतच याची सोय आहे: कान्याचा पहिला बाइट वाचताक्षणीच मागून आणखी दोन येणे आहेत, हे कळते.