चर्चमधली अढी

६ जुलै १९६२ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये १४ नृत्यरचनाकारांनी आपली नवी कामं विनामूल्य दाखवली. कार्यक्रम तीन तासांहून अधिक चालला. बरेचसे जण संगीतकार रॉबर्ट डन यांच्या रचनावर्गातले. अशा संध्याकाळी कच्च्या कामांची खिचडी होते, हा आक्षेप जुना आहे आणि खोटाही नाही. पण ज्याच्या पाठीशी कुठलीच संस्था नाही, त्याने कच्चं काम पिकवायचं तरी कुठे? (आंब्यालासुद्धा अढी लागते.) नृत्यरचनाकार यव्हॉन रेनर यांची आज अभिजात मानली जाणारी ‘ट्रिओ ए’ ही नृत्यरचना १९६६ मध्ये याच चर्चमध्ये प्रथम सादर झाली, तर त्या पहिल्या संध्याकाळी सहभागी झालेल्या स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन या नृत्यप्रकाराला आकार दिला.