काळ्या समुद्रातील आवर्त आणि उपग्रहचित्रे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काळा समुद्र, बाल्टिक आणि कॅस्पियन हे भूवेष्टित किंवा जवळजवळ भूवेष्टित समुद्र असून त्यांत भरती-ओहोटी नगण्य असते, म्हणून त्यांचे पाणी तळ्यासारखे निवांत असणार, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वारा, नद्यांचे गोडे पाणी आणि तापमान व क्षारता यांमुळे घनतेत पडणारी तफावत प्रवाहांना पुरेशी ठरते. काळ्या समुद्रात किनाऱ्याच्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एक बलवान प्रवाह वाहतो आणि त्याच्या नागमोडी वळणांतून आवर्त, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी पाण्याची विस्तीर्ण चक्रे, सुटी होतात. जॉर्जियातील बातुमी बंदरासमोरचा आवर्त त्यांपैकी चांगला अभ्यासलेला आहे. जहाजे गिळणाऱ्या भोवऱ्यांशी त्यांचा संबंध नाही, कारण आवर्ताचा व्यास काही किलोमीटरांपासून शंभराच्या पुढे असला, तरी मध्य आणि कडा यांच्या पातळीत साधारणतः काही सेंटिमीटरांचाच फरक असतो.

रडारचित्रांतील काळ्या सर्पिल रेषा पाहून तेलगळतीचा निष्कर्ष काढणे ही याहून गंभीर चूक होय. २०१४ पासून कार्यरत झालेल्या सेंटिनेल-१ मालिकेतील उपग्रह सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी तिरप्या सोडतात, त्या ढगांतून आरपार जातात आणि पाण्यावरील बारीक तरंगांवरून परततात. प्लवकांपासून, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, बनलेला अतिशय पातळ सेंद्रिय थर हे तरंग दाबून टाकतो आणि तेवढा भाग काळा उमटतो. प्रवाह हा थर ओढून रेषांत गोळा करतात, म्हणूनच आवर्ताचे बाहू दिसू लागतात. तेलही काळेच दिसते, त्यामुळे केवळ रंगावरून निवाडा करता येत नाही. आकार, ठिकाण आणि जहाजांचे मार्ग तपासावे लागतात.

यातूनच एक महत्त्वाची मर्यादा निघते. वारा पडला की तरंगांअभावी सारे पाणी काळे दिसते, वारा वाढला की थर विस्कटतो. म्हणून चित्रात आवर्त न दिसणे हा तो नसल्याचा पुरावा ठरत नाही, आणि अशा चित्रांवरून केलेली मोजणी या अटीसह वाचली नाही तर ती दिशाभूल करते.

उन्हाळ्याच्या प्रारंभी काळ्या समुद्रावर पसरणारी फिरोजी छटा प्रदूषणाची मानली जाते, पण ती चुनखडीच्या सूक्ष्म चकत्या अंगावर बाळगणाऱ्या एमिलियानिया हक्सलेयी या शैवालाची असते. बाल्टिकमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारे हिरवे सर्पिल मात्र नीलहरित जीवाणूंचे असून, त्यांच्या वाढीला शेतीतून आणि सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्ये खरोखरच हातभार लावतात.

एकाच चित्रावरून प्रवाहाचा वेगही कळत नाही; त्यासाठी थोड्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत तीच खूण किती सरकली हे मोजावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह सुमारे १२० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात पाण्याची उंची मोजतो आणि तिच्या उतारावरून प्रवाहाचा अंदाज देतो. परंतु त्याचे परिभ्रमणचक्र २१ दिवसांचे आहे, तर सर्वांत लहान आवर्त काही तासांत किंवा दिवसांत विरून जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी रडार आणि रंगीत चित्रे आजही एकत्र वाचावी लागतात.