गंजाचे डाग

(कापड व गालिचे यांवरील). लोखंडाच्या सान्निध्यात ओलसर राहिलेल्या कापडावर पडणारे पिवळसर तांबूस डाग. ओलावा व हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे लोखंडापासून तयार होणारे सजल फेरिक ऑक्साइड तंतूंत रुतून बसल्याने हे डाग पडतात. ते पाण्यात अविद्राव्य असून साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने निघत नाहीत. चहा, हिरडा यांसारख्या टॅनिनयुक्त पदार्थांशी संबंध आल्यास डाग काळपट होतो.

कारणे : वाशिम जिल्हा (१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला) व विदर्भाचा इतर कापूसपट्टा येथील नित्य वापरातील सुती कापडास पुढील वस्तूंपासून डाग लागतात : कपडे वाळत घालण्याची तार, पत्र्याची पेटी, जस्ताचा थर गेलेली बादली, लोखंडी पलंगाचे व कपाटाचे पाय आणि हातपंपाच्या जुन्या नळात रात्रभर साचलेले पाणी. पावसाळ्यात कपडे सावकाश वाळत असल्याने डागांचे प्रमाण वाढते.

विरंजक चूर्णाचा धोका : पाणी निर्जंतुक करण्याचे विरंजक चूर्ण (बोलीत टीसीएल) खेड्यांत सहज मिळते व पांढरे कपडे उजळण्यासही वापरले जाते. गंजाच्या डागावर ते निरुपयोगी ठरते. त्याने पाण्यातील विद्राव्य फेरस लोहाचे फेरिक रूप होऊन डाग उलट पक्का होतो. शिवाय लोह उत्प्रेरकाचे कार्य करीत असल्याने तेथील सेल्युलोज दुर्बल होऊन कापडास भोक पडते.

उपाय : डाग अम्लाने विरघळवून काढावा लागतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस व मीठ लावून ते उन्हात ठेवतात व रस वाळू न देता पुनःपुन्हा लावतात. सायट्रिक अम्लाने लोहाचे विद्राव्य जटिल संयुग बनते व सूर्यप्रकाशाने ही क्रिया त्वरेने होते. जुन्या डागास ऑक्झॅलिक अम्ल (५ ग्रॅ. २५० मिलि. कोमट पाण्यात) लावून काही मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावे. कठीण पाण्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटाचा पांढरा साका येत असल्याने विद्रावासाठी पावसाचे पाणी चांगले. ऑक्झॅलिक अम्ल विषारी आहे. रबरी हातमोजे घालावेत व ते मुलांपासून दूर ठेवावे. कोणतेही अम्ल विरंजक चूर्णात मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

रंगीत कापडाची परीक्षा आधी आतल्या शिवणीवर घ्यावी. गालिचा व सतरंजी भिजवू नये. सायट्रिक अम्लाचा सौम्य विद्राव पांढऱ्या फडक्याने टिपत लावावा, स्वच्छ पाण्याने पुन्हा टिपून घ्यावे व दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे वाळवावे. लोखंडी पायांखाली लाकडी ठोकळे ठेवल्यास नवे डाग पडत नाहीत.