विमानतळावरील तपासणीयंत्रे आणि वनजिल्ह्यांतील प्रारणाचा प्रश्न

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. चंद्रपूरजवळच्या मोरवा येथील धावपट्टी छोट्या विमानांपुरतीच राहिली आणि राजुरा तालुक्यातील मूर्ती येथे योजलेला विमानतळ वनजमीन व वाघांचा भ्रमणमार्ग यांच्या पेचात सापडला. त्यामुळे येथील प्रवाशाला विमान गाठायचे तर आधी नागपूर गाठावे लागते. तरीही बॉडी स्कॅनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देहतपासणी यंत्रांवरून गेल्या दीड दशकात जगभर जो वाद झाला, त्यातले बहुतेक प्रश्न या वनजिल्ह्यांतही उभे राहिले. मात्र ते मोबाइल टॉवर, क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी आणि औष्णिक वीजकेंद्राची राख या वेगळ्याच वाटांनी येथवर आले.

मूळ वादाची सुरुवात २५ डिसेंबर २००९ रोजी झाली. ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला, धातुशोधक चौकटीला अशी स्फोटके सापडत नाहीत हे उघड झाले आणि अमेरिकेने देहतपासणी यंत्रे बसवण्याचा वेग वाढवला. ही यंत्रे दोन जातींची होती. ‘बॅकस्कॅटर’ जातीचे यंत्र क्ष-किरणांचा क्षीण झोत अंगावरून फिरवून त्वचेवरून परतणारे किरण टिपत असे, तर ‘मिलिमीटर तरंग’ जातीचे यंत्र मोबाइलच्या लहरींच्याच कुळातील, पण अधिक वारंवारतेच्या रेडिओ लहरी वापरत असे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण क्ष-किरण आयनीकारी असतात, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढून पेशीतील जनुकद्रव्याला इजा करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात असते; मिलिमीटर तरंगांत ती नसते आणि तीव्रता वाढवली तर ते ऊतींना तापवतात, एवढाच त्यांचा प्रस्थापित परिणाम आहे.

एप्रिल २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील जॉन सेडाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांना पत्र लिहून बॅकस्कॅटर यंत्रांविषयी शंका मांडल्या. या यंत्रांची मात्रा, म्हणजे शरीराने शोषलेल्या प्रारणाचे जैविक परिणामासह काढलेले माप, संपूर्ण शरीराच्या वजनावर वाटून सांगितली जाते, पण क्षीण क्ष-किरणांची ऊर्जा मुख्यतः त्वचेत आणि त्वचेलगतच्या ऊतींत जिरते, तेव्हा तेथील खरी मात्रा कितीतरी अधिक असू शकते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. झोत फिरता फिरता अडकला तर काय, हा दुसरा. शासनाचे उत्तर आकड्यांत होते. एका तपासणीची मात्रा ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याहून कमी होती. छातीच्या एका क्ष-किरण चित्राची मात्रा साधारण २० ते १०० मायक्रोसिव्हर्ट असते, जमीन, आकाश आणि अन्न यांतून माणसाला निसर्गतः मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला २,४०० मायक्रोसिव्हर्ट भरते, आणि उंचावरून उडणाऱ्या विमानात अवकाशातील किरणांमुळे तासाला तीनेक मायक्रोसिव्हर्टची भर पडते. म्हणजे तपासणीत मिळणारी मात्रा त्याच प्रवाशाला आकाशात दोनतीन मिनिटांत मिळत होती. हे उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. रुग्णाला चित्राचा लाभ होतो, विमानाने प्रवासी मुक्कामी पोहोचतो, तपासणीतून मात्र निरोगी माणसाच्या आरोग्याला काहीच मिळत नाही, या प्रश्नाला ते स्पर्श करत नव्हते.

युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये क्ष-किरणांची यंत्रे विमानतळांवरील वापरातून वगळली. अमेरिकेत ती मे २०१३ अखेर हटली, पण प्रारणामुळे नव्हे. प्रवाशाच्या नग्न देहाचे चित्र दाखवण्याऐवजी सर्वांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दाखवणारी संगणकप्रणाली त्या यंत्रांना वेळेत बसवता आली नाही, म्हणून ती गेली. आरोग्याच्या आक्षेपाला जे साधले नाही ते लाजेच्या आक्षेपाने साधले, असे म्हणणे वावगे ठरू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१५ मध्ये ही यंत्रे सुरक्षेच्या मानकात बसत होती असा निर्वाळा दिला, तेव्हा ती विमानतळांवर उरलीही नव्हती.

भारताने हा वाद दुरून पाहिला आणि त्याचा फायदा घेतला. नागरी विमानवाहतूक सुरक्षा विभागाने एप्रिल २०१९ मध्ये देशातील ८४ संवेदनशील व अतिसंवेदनशील विमानतळांवर देहतपासणी यंत्रे बसवण्याचा आदेश काढला तो मिलिमीटर तरंगांच्या यंत्रांचा होता. मुदती पुढे सरकत गेल्या. दिल्लीच्या विमानतळावर मे २०२५ मध्येही चाचण्याच चालू होत्या. येथे अडचण किरणांपेक्षा कापडाची होती, कारण कमरेशी खोचलेल्या साडीच्या निऱ्यांची जाड घडी यंत्राला संशयास्पद वाटते, पडद्यावरील आकृतीवर त्या जागी चौकोन उमटतो आणि बाईला हाताने तपासणी करून घ्यावीच लागते.

याच रेडिओ लहरींच्या कुळाविषयीची भीती महाराष्ट्रात मात्र टॉवरच्या रूपाने आली. मुंबईच्या कारमायकेल रोडवरील एका इमारतीतील कर्करोगाच्या घटनांचा समोरच्या अँटेनांशी संबंध जोडला गेला, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० च्या अहवालात धोक्याचा इशारा दिला, आणि मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ या वर्गात घातले, ज्याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे पण शंका फेटाळता येत नाही इतकाच होतो. सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली; ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली.

मुंबईत टॉवर हटवण्यासाठी अर्ज होत असताना गडचिरोलीत टॉवर मिळावा म्हणून होत होते. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त राज्यांत २,१९९ ठिकाणी टॉवर उभारण्यास मंजुरी दिली. एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ ठिकाणांना ‘फोर-जी’ करण्याचा निर्णय झाला. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी टॉवर जाळले ते लहरींच्या भीतीने नव्हे, तर पोलिसांना खबर पोहोचू नये म्हणून. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर रेंज मिळेल अशा टेकाडावर कोणाला तरी पळावे लागते. तेथे टॉवरच्या धोक्याची चर्चा शहराइतकी रंगली नाही यात नवल नाही. पण या परिस्थितीत एक भौतिक विपर्यास दडलेला आहे, ज्याकडे शहरातील आंदोलनांचे फारसे लक्ष गेले नाही. मोबाइल संच टॉवरपासून जितका दूर असेल तितक्या जोराने तो लहरी सोडतो. ९०० मेगाहर्ट्झच्या जुन्या जाळ्यात संचाची शक्ती दोन वॅटपर्यंत चढे आणि टॉवर जवळ असता शेकडो पटींनी उतरे. संच कानाला चिकटलेला असतो आणि अंतर वाढते तशी लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून डोक्याला मिळणारी बहुतांश मात्रा टॉवरची नसून हातातल्या यंत्राची असते. टॉवर नसलेल्या गावाच्या कडेला एकुलती एक दांडी दिसत असताना मोठ्याने बोलणारा माणूस, टॉवरखाली राहणाऱ्या शहरी माणसापेक्षा या लहरी अधिक घेत होता.

निरोगी माणसावर क्ष-किरण टाकावेत काय, हा बॅकस्कॅटरच्या वादातला अनुत्तरित प्रश्न दुसऱ्या रूपात क्षयरोगाच्या मोहिमेत आला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे दिसले की, छातीचे चित्र काढले नसते तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांच्यात खोकला-तापासारखी लक्षणे नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि नंतर देशभर नेलेल्या मोहिमेने म्हणूनच हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे वस्तीपर्यंत नेण्यावर भर दिला. एका बाजूला किरण टिपणारी पट्टी, दुसऱ्या बाजूला स्टँडवर यंत्र, चालकाच्या अंगावर शिशाचा ॲप्रन. गळ्यातल्या मण्यांच्या आणि नाण्यांच्या माळा उतरवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या काही शतांशांत चित्र निघते. येथील मात्रा विमानतळावरील बॅकस्कॅटर तपासणीच्या निदान दोनशे पट असली तरी समर्थन अधिक भक्कम आहे, कारण लाभ त्याच माणसाला मिळतो ज्याच्यावर किरण पडतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांतही मात्रेच्या मर्यादेच्या आधी हीच अट येते: लाभ हानीपेक्षा अधिक असला पाहिजे. चालकासाठी मात्र अंतर पाळण्याची शिस्त महत्त्वाची, कारण रुग्ण एकदा उभा राहतो आणि चालक दिवसभर.

ज्या स्रोताविषयी सर्वांत कमी बोलले गेले तो आयनीकारी प्रारणाचाच आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. दगडी कोळशात युरेनियम व थोरियम अत्यल्प असतात, पण कोळसा जळून जातो आणि ही द्रव्ये राखेत उरून काही पटींनी दाट होतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाणच ३० ते ४५ टक्के असल्याने राखेचे ढीग प्रचंड होतात. १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मॅकब्राइड व सहकाऱ्यांनी कोळसा व अणुवीज केंद्रांच्या हवेत जाणाऱ्या उत्सर्जनाची तुलना केली, तेव्हापासून कोळसा अधिक किरणोत्सारी असल्याचे विधान अतिशयोक्तीसह फिरत आले, जरी मूळ निबंधातील दोन्ही मात्रा लहानच होत्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९७ मध्ये राखेची किरणोत्सारिता ग्रॅनाइट वा शेलसारख्या सामान्य खडकांहून फार वेगळी नसल्याचे नोंदवले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन देशातील प्रदूषित औद्योगिक समूहांत चौथ्या क्रमांकावर ठेवले ते हवा, पाणी व जमिनीच्या अवस्थेवरून, आणि तो अग्रक्रम योग्यच होता, कारण फुफ्फुसात जाणाऱ्या बारीक धुळीची हानी त्या धुळीतील युरेनियमच्या हानीपेक्षा फार मोठी आहे.

राख केंद्राच्या आवारात राहत नाही, हा मात्र वेगळा मुद्दा आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सर्व राखेच्या वापराचे उद्दिष्ट वीजकेंद्रांवर टाकले. राखेच्या विटेत रेडियम मातीपेक्षा काहीसे अधिक असू शकते, तथापि राखेचे कण काचेसारखे वितळून घट्ट झालेले असल्याने त्यांतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू मातीच्या मानाने कमी सुटतो. म्हणून अशा घरातील मात्रा विटेइतकीच खोलीत हवा किती खेळते यावर ठरते, आणि थंडीत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या छोट्या खोलीत ती उघड्या पडवीच्या घरापेक्षा अधिक भरते.