हृदयरोग्याच्या कागदावरील आद्याक्षरे

सांगली जिल्ह्यातील मिरज हे रुग्णसेवेचे जुने केंद्र आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडील कर्नाटकातूनही रुग्ण येथे येत आले आहेत. त्यांची भाषा मराठी वा कानडी. घरी जाताना हाती पडणारा डिस्चार्जचा कागद मात्र इंग्रजी, तोही आद्याक्षरांनी भरलेला. आपल्या घरी हृदयरोगी असेल, तर हा कागद समजून घेणे औषध घेण्याइतकेच आवश्यक आहे.

'एम.आय.' म्हणजे हृदयविकाराचा झटका, 'एच.टी.एन.' म्हणजे उच्च रक्तदाब. 'पी.टी.सी.ए.' म्हणजे अँजिओप्लास्टी, तर 'सी.ए.बी.जी.' म्हणजे बायपास शस्त्रक्रिया. 'ए.एफ.' म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित स्पंदन. यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली असल्यास ती परस्पर बंद करू नये.

सर्वाधिक गैरसमज 'ई.एफ.'विषयी होतो. 'ई.एफ. ५५ टक्के' वाचून हृदय निम्मेच चालते, असे समजून घर धास्तावते. हे परीक्षेचे गुण नव्हेत. हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील किती रक्त बाहेर ढकलतो, त्याचे हे प्रमाण आहे. निरोगी हृदयही सारे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हे प्रमाण सामान्यच होय. ४० किंवा त्याहून कमी आकडा मात्र हृदय दुर्बल झाल्याचे दर्शवितो.

अक्षरे तीच असली तरी अर्थ बदलतो. निदानात 'एम.आर.' म्हणजे डाव्या बाजूच्या झडपेतून रक्त मागे गळणे. गोळीच्या नावापुढे 'एम.आर.' असेल, तर औषध शरीरात सावकाश सुटते, असा अर्थ. भाषा बदलली की घोटाळा वाढतो. स्पेनमध्ये झटक्याला 'आय.ए.एम.' लिहितात आणि इंग्रजीतील 'ए.एफ.' तेथे 'एफ.ए.' होते. झडपेच्या गळतीला तेथे 'आय.एम.' म्हणतात, इंग्रजी कागदावर हीच अक्षरे स्नायूत टोचायचे इंजेक्शन सुचवितात. परदेशातील मुलांकडे राहून आलेल्या ज्येष्ठांनी तेथील कागद येथे दाखविताना हे ध्यानी ठेवावे. आद्याक्षरांचे थेट भाषांतर करू नये; आधी पूर्ण शब्द मिळवावा, मग अर्थ लावावा.

औषधांपुढील 'ओ.डी.' म्हणजे दिवसातून एकदा, 'बी.डी.' दोनदा, 'टी.डी.एस.' तीनदा, 'एच.एस.' झोपताना आणि 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज पडली तरच. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र 'ओ.डी.' म्हणजे उजवा डोळा!

म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वी डॉक्टरांना वा परिचारिकेला नम्रपणे विचारावे, 'याचे पूर्ण रूप सांगाल का?' उत्तर कागदाच्या मागे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे आणि त्यांनाच वाचून दाखवावे. एक प्रत रुग्णाच्या पिशवीत, दुसरी सांभाळणाऱ्याजवळ असावी. आणि छातीत दाटून आले, घाम फुटला वा धाप लागली, तर अक्षरांचा अर्थ शोधत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कागद सोबत न्यावा, तेथील डॉक्टरांना तो उपयोगी पडेल.