घाटाची वाट की बोगद्याची?

(तृतीय वर्ष कला)

मुंबईहून गोव्याला आगगाडीने जायचे तर वाटा दोन आहेत. एक कोकण रेल्वेची, सरळ आणि जवळची. दुसरी पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा अशी फिरून कॅसल रॉकचा घाट उतरणारी. पहिल्या वाटेने जलद गाडीला आठ-दहा तास पुरतात. दुसरी सुमारे दीडशे किलोमीटरांनी लांब, शिवाय पुण्याला गाडी बदलावी लागते. सोळा-अठरा तास धरूनच निघावे. आता एवढे स्पष्ट असताना निवड कसली करायची, असे कोणीही विचारील. पण गेल्या भाद्रपदात आमच्या ठाण्याच्या घरी याच प्रश्नावर दोन दिवस वाद चालला होता. त्या निमित्ताने मला जे वाचावे, विचारावे आणि पाहावे लागले ते वाचक मित्रांपुढे मांडतो.

वादाचे कारण असे. माझ्या आजीचे माहेर गोव्यातले सावर्डे. तिचा थोरला भाऊ तिकडे फार आजारी असल्याचा फोन आला. आजीचे वय ऐंशीला टेकलेले, गुडघे धरलेले. तिला नेणे भागच होते. पण ती म्हणाली, "मला घाटानं न्या." बाबा म्हणाले, "आई, आधी तुझे गुडघे बघ आणि मग घड्याळ बघ." आजी गप्प बसली, पण हट्ट सुटला नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मी मध्ये पडलो, कारण या घाटाचा मला एक कडू अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र दूधसागर पाहायचा म्हणून मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो. गाडी रात्रीची होती. घाट आला तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. खिडकीच्या काचेत आमचेच पेंगुळलेले चेहरे दिसत होते. पाण्याचा आवाज तेवढा ऐकू आला. दोष गाडीचा नव्हता, वेळापत्रक न पाहता तिकिटे काढणाऱ्या आमचा होता. सृष्टिसौंदर्याची वाट ही उजेड असेल तरच सौंदर्याची, नाहीतर ती नुसतीच लांबची, हा पहिला धडा मी तेथे शिकलो.

आता या दोन वाटा अशा वेगळ्या का झाल्या ते पाहू. घाटाची वाट जुनी. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, मुरगाव बंदर देशावरच्या मुलखाशी जोडायचे ठरले आणि १८८८ साली मीटरगेज गाडी सुरू झाली. कॅसल रॉक ते कुळे या सुमारे २६ किलोमीटरांच्या टप्प्याला पोर्तुगीज राजघराण्यावरून ब्रागांझा घाट म्हणतात. येथे रूळ सह्याद्रीच्या माथ्यावरून थेट पायथ्याशी उतरतात. त्या काळी लांब बोगदे खोदणे अतिशय खर्चाचे आणि जिकिरीचे काम असे. म्हणून अभियंत्यांनी डोंगराच्या अंगाअंगाने, वळणे घेत, जेथे सुटकाच नाही तेथे लहान बोगदा खोदून वाट काढली. प्रवाशाला दरी दिसते, धबधबा दिसतो, पुढच्या वळणावरचे आपलेच इंजिन दिसते, ते या नाइलाजामुळे. अभियंत्यांना शोभा दाखवायची नव्हती, त्यांना चढ आवरायचा होता.

चढ किती, तर ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. ऐकताना हे किरकोळ वाटते. पण एका डब्याच्या लांबीचा हिशेब केला तर त्याचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा सुमारे दोन फूट उंच होते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, त्याला पकड कमी. म्हणून कुळ्याहून वर जाणाऱ्या गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. उतरताना काळजी उलटी. ब्रेक तपासून गाडी जपून सोडतात. शिवाय घाटात जागोजाग कॅच सायडिंग असते. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा हा आंधळा फाटा. उतारावर एखादी गाडी आवरेनाशी झाली तर ती या फाट्यावर वळते आणि चढ चढता चढता थांबते. अशा वाटेवर वेग मागणे म्हणजे जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पळायला सांगणे.

कोकण रेल्वेचे गणित निराळे. ती सह्याद्री चढतच नाही, त्याच्या पायथ्याने धावते. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पुरा खुला झाला. त्याला आडवे येतात ते सह्याद्रीचे समुद्राकडे उतरणारे फाटे आणि त्यांच्यामधल्या नद्या-खाड्या. फाटा आला की बोगदा, नदी आली की पूल. चढ १५० ला १ पेक्षा कडक नाही. तोच डबा येथे फार तर सहा इंच उचलला जातो. सारे मिळून नव्वदहून अधिक बोगदे. त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरांचा. रत्नागिरीजवळच पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. तेव्हा ही वाट रूक्ष म्हणता येणार नाही. फक्त तिचे सौंदर्य तुकड्यातुकड्यांनी येते. हिरवे भातखाचर दिसले म्हणेपर्यंत काळोख, काळोख सरला म्हणेपर्यंत पूल.

मात्र सरळ वाट बारा महिने सारखीच वेगवान असते असे समजू नये. डोंगर कापून काढलेल्या खिंडींतून पावसाळ्यात दरडी येतात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. म्हणूनच पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालवतात. वेळ वाढला म्हणून कुरकुरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

हा पेच आपल्याकडचाच आहे असेही नाही. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स ओलांडणारी गोटहार्डची जुनी वाट १८८२ सालची. ती डोंगरात अशी गिरक्या घेते की वासेन गावचे देऊळ प्रवाशाला तीन निरनिराळ्या उंचींवरून तीनदा दिसते. २०१६ साली तेथे पायथ्यातून ५७ किलोमीटरांचा बोगदा सुरू झाला आणि घाईची माणसे काळोखातून झटकन पलीकडे जाऊ लागली. पण जुनी वाट त्यांनी मोडली नाही. ज्याला डोंगर पाहायचा आहे त्याच्यासाठी गाड्या अजून वरून धावतात.

हे सारे मी रात्री जेवताना बाबांना सांगितले. मग आजीला विचारले, "तुला घाटच का हवा?" तेव्हा तिने सांगितले ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तिचे लग्न १९६५ सालचे, सासर बेळगावचे. सावर्ड्याहून वऱ्हाड मीटरगेज गाडीने निघाले. दूधसागर आला तेव्हा सगळा डबा खिडक्यांशी धावला. "मी एकटीच पदर डोळ्यांना लावून बसले होते. दादानं दोनदा हाक मारली, बघ गं, बघ. मी मान वर केली नाही." पुढे आजोबांची मुंबईला बदली झाली. माहेरची जी काही जाणी झाली ती रात्रीच्या गाडीने किंवा एस.टी.ने, आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेने. दूधसागर राहिला तो राहिलाच.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी ठरले ते असे: जाताना सरळ वाट, कारण तिकडे माणूस वाट पाहत होता. येताना घाट, आणि तोही दिवसाउजेडी. गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी सुटते, हे मी या वेळी दोनदा तपासून घेतले.

निवड बरोबर ठरली. आम्ही पोहोचलो त्या दिवशी मामाआजोबा शुद्धीवर होते. भाऊ-बहीण दोन दिवस हातात हात घेऊन बोलत होती. तिसऱ्या दिवसापासून ते कोणाला ओळखेनासे झाले. लांबच्या वाटेने गेलो असतो तर त्या दोन दिवसांतला अर्धा दिवस गाडीतच गेला असता.

परतताना मडगावला गाडीत बसलो. कुळ्यानंतर चढ लागला तशी गाडीची चाल मंदावली. दोन्ही बाजूंना महावीर अभयारण्याचे दाट रान, ओलेचिंब. पाऊस नुकताच सरत होता, त्यामुळे पाणी भरपूर होते. पुलावर गाडी आली आणि ३१० मीटरांवरून उतरणारे ते पांढरे पाणी समोर उभे राहिले. डब्यात तुषार आले. मी आजीला हाक मारणार होतो, पण तिची मान आधीच वर होती. पाणी वळणाआड जाईपर्यंत तिने पापणी हलवली नाही. मग म्हणाली, "दादा उगाच हाक मारत नव्हता."

वीस दिवसांनी मामाआजोबा गेले.

मित्रहो, गोव्याला जाताना कोणती वाट घ्यावी असे मला कोणी विचारले तर मी तीन प्रश्न उलट विचारतो. तिकडे तुमची कोणी वाट पाहत आहे काय? घाट उजेडी लागतो काय? आणि बरोबरच्या माणसाला इतका वेळ बसवेल काय? पहिल्याचे उत्तर होय असेल तर बोगद्याने जावे. दूधसागर कोठे जात नाही. पण येताना त्या दोन उत्तरांची अडचण नसेल, तर एकदा तरी घाटाने यावे. दाराशी गर्दी करू नये, पुलावर उतरू नये, रुळांवरून चालण्याचा वेडेपणा करू नये. तेथे मनाई आहे आणि ती योग्यच आहे. खिडकी पुरेशी आहे. फक्त तीत मान वर करून बसावे.